फयान : दुबळ्या वादळाचा दूरचा मुक्काम

६ जून १८८२. अरबी समुद्रातून आलेले महाभयंकर चक्रीवादळ मुंबईवर आदळले, समुद्र शहरात शिरला आणि एक लाख माणसे मृत्युमुखी पडली. जगातील सर्वांत संहारक वादळांच्या याद्यांमध्ये ही नोंद वर्षानुवर्षे छापली जात होती. आजही ती अनेक ठिकाणी सापडते.

अडचण एवढीच, की असे वादळ झालेच नाही.

१८८१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या पावणेआठ लाखांच्या आसपास होती. एक लाख मृत म्हणजे शहरातील दर आठ माणसांमागे एक. त्या वेळी मुंबईत इंग्रजी आणि देशी भाषांतील वृत्तपत्रे निघत होती, महापालिका होती, बंदर खाते होते, कुलाब्याची वेधशाळा होती. पुण्यात 'केसरी'ने नुकतेच दुसऱ्या वर्षात पाऊल टाकले होते. एवढे डोळे उघडे असताना आठवा हिस्सा शहर बुडाले आणि कोणाला पत्ता लागला नाही, हे अशक्यच. अभ्यासकांनी समकालीन नोंदी तपासल्या तेव्हा त्यांत या संहाराचा मागमूस आढळला नाही. कोणीतरी एकदा लिहिले आणि पुढच्यांनी उतरवून घेतले. एक लाख हा आकडाच इतका मोठा, की तो खरा आहे का, हे विचारण्याची तसदी कोणी घेतली नाही.

मुंबईच्या समुद्राला खऱ्या वादळांची वाण नव्हती. मे १६१८ मध्ये वसई-मुंबईच्या पोर्तुगीज मुलखाला एका प्रचंड वादळाने झोडपले. नोव्हेंबर १८५४ च्या आरंभी आलेल्या वादळाने अवघ्या काही तासांत सुमारे हजार माणसे आणि बंदरातील अगणित माल नष्ट केला. पण या खऱ्या वादळांपेक्षा न झालेले वादळ अधिक प्रसिद्ध झाले.

या धाग्याचा विषय मात्र याच्या नेमका उलट आहे. एक वादळ, जे निःसंशय झाले, ज्याचा मार्ग, वेग आणि वेळ नोंदवलेली आहे, पण जे शास्त्राच्या मोजपट्टीवर दुबळे ठरल्यामुळे कोणत्याही मोठ्या यादीत बसले नाही. आणि ते पाहायचे आहे किनाऱ्यावरून नव्हे, तर समुद्रापासून सुमारे १८० किलोमीटर आत, सह्याद्रीच्या पलीकडे असलेल्या राहात्याच्या रानातून.

राहातेच का? किनाऱ्याच्या इतिहासात वादळाची कथा बहुधा एकाच वाक्याने संपते : 'जमिनीवर आल्यानंतर ते विरून गेले.' हे विरणे कोणाच्या तरी शेतावर घडते. उत्तर कोकणात शिरून ईशान्येकडे वळलेले वादळ विरते ते नाशिक, नगर, पुणे या पट्ट्यावर. हवामान खात्याच्या भाषेत या विभागाचे नाव 'मध्य महाराष्ट्र'. राहाता त्याच्या पोटात येते.

दुबळे वादळ म्हणजे काय, हे आधी स्पष्ट व्हायला हवे.

'सायक्लोन' हा शब्द कलकत्त्याचा. तेथील हेन्री पिडिंग्टन या माजी खलाशाने १८४८ मध्ये तो रूढ केला. सापाच्या वेटोळ्याचा अर्थ देणाऱ्या ग्रीक शब्दावरून त्याने तो घडवला होता. पिडिंग्टनचा ग्रंथ खलाशांसाठी होता. त्याचा प्रश्न एकच होता : भर समुद्रात वारा फिरू लागला तर वादळाचे केंद्र कोणत्या बाजूला आहे हे ओळखून जहाज कसे वाचवायचे? वादळाचे शास्त्र असे जहाजाच्या डोलकाठीवरून सुरू झाले, म्हणून त्याची मोजपट्टीही वाऱ्याची राहिली. पावसाला त्यात जागा मिळाली नाही, पिकाला तर नाहीच.

तीच मोजपट्टी आजही चालते. वाऱ्याचा सततचा वेग ताशी ३१ ते ४९ किलोमीटर असेल तर ते डिप्रेशन, ५० ते ६१ असेल तर तीव्र डिप्रेशन, ६२ ओलांडला की चक्रीवादळ आणि ८९ पासून पुढे तीव्र चक्रीवादळ. त्याच्याही वर आणखी पायऱ्या आहेत. नाव मिळते ते ६२ ची पायरी चढल्यावर. उत्तर हिंदी महासागरातील वादळांना नावे देण्याची पद्धत २००४ पासूनची. त्याआधीची वादळे तारखांनीच ओळखावी लागतात.

हवामान खात्याचा जन्मही वादळाच्या धास्तीतूनच झाला. ऑक्टोबर १८६४ च्या वादळाने कलकत्ता उद्ध्वस्त केले. पुढे १८६६ आणि १८७१ साली पावसाने दगा दिला. वादळ आणि दुष्काळ या दोन्ही भीतींपोटी १८७५ मध्ये खाते स्थापन झाले. परंतु इशारे प्रथम पोहोचले ते बंदरांना. तारायंत्राने संदेश आला की बंदराच्या खांबावर धोक्याचा बावटा चढे. कोकणातील म्हातारी माणसे अजूनही 'तीन नंबरचा बावटा' अशी भाषा बोलतात. शेताच्या बांधावर असा कोणताही खांब नव्हता. १९२८ मध्ये खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आले, १९३२ मध्ये तेथे एल. ए. रामदास यांच्या नेतृत्वाखाली कृषी हवामानशास्त्राचा विभाग सुरू झाला, आणि शेतकऱ्यांसाठी आकाशवाणीवरून हवामानाची वार्तापत्रे सुरू व्हायला १९४५ साल उजाडले. बंदर आणि बांध यांच्यात दोन पिढ्यांचे अंतर पडले.

आता २००९.

ते वर्ष दुष्काळाचे होते. देशभरात मॉन्सूनचा पाऊस सरासरीच्या जवळपास ७८ टक्केच झाला. १७ ऑक्टोबरला दिवाळी झाली. पावसाची नक्षत्रे मृगापासून मोजायला लागले की स्वातीपाशी मोजणी थांबते. हस्ताचा हत्ती गरजून गेला, चित्रा-स्वाती संपल्या, आणि ६ नोव्हेंबरच्या सुमारास सूर्य विशाखात गेला. विशाखा हे पावसाचे नक्षत्र नव्हे. शेतकऱ्याच्या पंचांगात तोवर पावसाळ्याचे दार बंद झालेले असते.

त्याच सुमारास केरळ-तमिळनाडूच्या दक्षिणेला, कन्याकुमारीच्या आसपास कमी दाबाचे एक क्षेत्र घुटमळत होते. त्याला ना नाव होते, ना वेग. पण त्याच्या प्रभावाने ९ आणि १० नोव्हेंबरच्या दरम्यान निलगिरीच्या डोंगरात असा पाऊस पडला, की केत्ती येथे एका दिवसात ८० सेंटिमीटरहून अधिक नोंद झाली. दरडी कोसळल्या आणि चाळीसहून अधिक माणसे गाडली गेली. वाऱ्याच्या मोजपट्टीवर या अवस्थेला वादळ म्हणताच येत नव्हते. या एकाच नोंदीवरून मोजपट्टीची मर्यादा कळायला हरकत नाही.

९ नोव्हेंबरला अरबी समुद्रावर या क्षेत्राचे डिप्रेशन झाले. १० तारखेला ते तीव्र झाले आणि उत्तरेकडे सरकू लागले. १० आणि ११ नोव्हेंबरच्या मधल्या रात्री त्याने ६२ ची पायरी ओलांडली. म्यानमारने सुचवलेले 'फयान' हे नाव त्याला मिळाले. ११ नोव्हेंबरच्या दुपारी साडेतीन-चारच्या सुमारास ते अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान किनाऱ्यावर चढले. म्हणजे नाव मिळाल्यापासून जमीन गाठेपर्यंत एक दिवसही पुरा झाला नाही. त्याचा जास्तीत जास्त वेग होता ताशी सुमारे ८५ किलोमीटर. तीव्र चक्रीवादळ म्हणवून घ्यायला थोडक्यात कमी पडलेले हे वादळ शास्त्राच्या दृष्टीने खालच्या वर्गातलेच होते.

नोव्हेंबर हा कोकणातील मासेमारीचा भर हंगाम. नारळी पौर्णिमेनंतर समुद्रात गेलेल्या नौका या दिवसांत खोल पाण्यात कित्येक दिवस मुक्काम करतात. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगडच्या अशा नौका त्या दिवशी पाण्यावर होत्या. इशारा निघाला होता, परंतु तो बंदरावर होता आणि खलाशी बंदरात नव्हते. अनेक नौका बुडाल्या. अनेक खलाशी परतलेच नाहीत, आणि कित्येकांचे देहही हाती लागले नाहीत. मुंबईत मात्र त्या दिवशी शाळा-कार्यालये लवकर सुटली आणि शहर थोडक्यात वाचल्याचा निःश्वास सोडला गेला. फयानची शहरी आठवण बहुधा तेवढीच आहे.

इथून पुढचा प्रवास किनाऱ्याच्या बातम्यांत नव्हता. जमिनीवर येताच वादळाची रसद तुटते. त्याचे इंधन म्हणजे उबदार समुद्रावरची वाफ, आणि ती मागे राहते. सह्याद्रीच्या कड्यांशी घर्षण होऊन खालचा वारा मोडतो. काही तासांतच फयान चक्रीवादळ राहिले नाही. उत्तर मध्य महाराष्ट्रावर ते झपाट्याने क्षीण होत गेले आणि १२ तारखेला नुसते कमी दाबाचे क्षेत्र उरले. वारा संपला होता, पण वरच्या थरांतली वाफ संपली नव्हती. ती ढग होऊन पसरली आणि पाऊस होऊन उतरली. हे उतरण्याचे ठिकाण म्हणजे द्राक्ष, पेरू, कांदा आणि उसाचा मुलूख.

राहाता मुळात पर्जन्यछायेतले. सह्याद्रीने नैर्ऋत्य वाऱ्यांची ओल आधीच काढून घेतलेली असते, म्हणून वर्षाचा पाऊस साधारण ५०० मिलिमीटरच्या आसपासच पडतो. शतकभरापूर्वी या भागात बाजरी आणि रब्बीची ज्वारी ही मुख्य पिके होती. नोव्हेंबरात अवचित सर आली तर त्या काळच्या कुणब्याच्या दृष्टीने ते दान होते. भाद्रपद-आश्विनात पेरलेला शाळू जमिनीतल्या ओलीवरच वाढतो. कार्तिकातली एक चांगली सर म्हणजे त्याला फुकटचे पाणी. तेच हरभऱ्याचे, तेच गव्हाचे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत होरपळलेल्या या माणसांना कोणी दुबळ्या वादळाविषयी विचारले असते, तर त्यांनी दर साली एक मागून घेतले असते.

त्याच दुष्काळांनी पुढचा बदल घडवला. १९०१ ते १९०३ दरम्यान सरकारने पाटबंधारे आयोग नेमला. नाशिक जिल्ह्यात दारणा धरणाचे काम १९०७ मध्ये सुरू होऊन १९१६ च्या सुमारास पूर्ण झाले. नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यापासून गोदावरीचे उजवा आणि डावा असे दोन कालवे निघाले. उजव्या कालव्याचे पाणी राहात्याच्या परिसरात खेळू लागले. प्रवरेच्या बाजूला १९२६ मध्ये भंडारदरा धरण पूर्ण झाले. कालवे दुष्काळी ज्वारीला आधार म्हणून काढले गेले होते, पण पाण्यामागे नगदी पीक आलेच. आधी खासगी कंपन्यांचे ऊसमळे आले. मग १९५० मध्ये लोणीजवळ प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला. त्यानंतर फळबागा वाढल्या. राहात्याचा पेरू महाराष्ट्राच्या बाजारपेठांत नावाने विकला जाऊ लागला. १९९९ मध्ये राहाता स्वतंत्र तालुका झाला तेव्हा तो बागायती तालुका म्हणूनच ओळखला जात होता.

दुबळ्या वादळाचा अर्थ या बदलाने उलटा करून टाकला. आकाशातली सर तीच होती, बदलले होते ते खालचे रान.

द्राक्षाचे उदाहरण घेता येईल. नाशिक-नगरच्या पट्ट्यात ऑक्टोबरात फळछाटणी होते. शेतकरी तिला गोडी छाटणी म्हणतात. छाटणीनंतर पंधरवड्याच्या आसपास कोवळे घड दिसू लागतात, आणि महिना-सव्वा महिन्यात वेल फुलोऱ्यात येतो. म्हणजे ११ नोव्हेंबरला हजारो एकरांवरचे वेल नेमक्या नाजूक अवस्थेत होते. अशा वेळी पाऊस किती मिलिमीटर पडला याला फारसे महत्त्व नसते. पान किती तास ओले राहिले, हे महत्त्वाचे. ढगाळ हवा, दमटपणा आणि रात्रभर ओले पान मिळाले की केवडा, म्हणजे शेतकऱ्यांच्या तोंडचा 'डाउनी', वेलावर चढतो. तो घडात शिरला की फवारणीचा उपयोग राहत नाही. फुले गळतात, घड कुजतात, आणि वर्षाचे पीक दोन दिवसांत जाते. फयानच्या पावसाने नाशिकच्या द्राक्षबागांचे मोठे नुकसान केले. तिथे वाऱ्याने मांडव पाडण्याची गरजच नव्हती.

पेरूचे दुखणे वेगळे. मृग बहराची फळे नोव्हेंबरात तोडणीला येतात. पक्व फळावर पाणी बसले की गोडी उतरते, सालीवर डाग पडतात, फळमाशी माजते आणि बाजारात भाव पडतो. झाडाला काही होत नाही, जाते ते त्या बहराचे उत्पन्न. सरकारी पंचनाम्यात पडलेले झाड दिसते, पण उतरलेली गोडी कोणत्या रकान्यात लिहायची?

उसाला पाऊस मारत नाही. मारतो तो तोडणाऱ्यांना. दिवाळीनंतर बीड, पाथर्डीकडून बैलगाड्या आणि ट्रॅक्टर भरभरून मजूर कारखान्यांच्या परिसरात उतरतात आणि रानाच्या कडेला कोप्या घालतात. पाचटाची वा ताडपत्रीची ती खोपटी नोव्हेंबरच्या थंडीसाठी असतात, पावसासाठी नव्हेत. काळ्या रानात चिखल झाला की गाडी रुतते आणि तोड बंद पडते. मजुरी टनावर असल्यामुळे तोड बंद म्हणजे चूल बंद. उचल मात्र फिटायची राहतेच. चक्रीवादळांच्या नुकसानीच्या हिशेबात या माणसांचा उल्लेख शोधूनही सापडणे कठीण. ती ना किनाऱ्याची असतात, ना त्या गावची.

आणि त्याच दिवशी, त्याच शिवारात, कालव्याचे पाणी न पोहोचलेल्या जिरायती तुकड्यावर शाळू तरारून उभा राहतो. दुष्काळी वर्षात त्या ज्वारीला फयानची ओल ही मोठीच मदत ठरावी. एका बांधाच्या अलीकडे आपत्ती आणि पलीकडे दान. हेच वादळ अलीकडचा माणूस शिव्या देऊन लक्षात ठेवतो आणि पलीकडचा विसरून जातो.

दुबळ्या वादळांचे दुसरे घराणे या प्रदेशाला अधिक परिचित आहे. ऑगस्ट-सप्टेंबरात बंगालच्या उपसागरावर कमी दाबाची क्षेत्रे तयार होतात आणि ओडिशातून पश्चिम-वायव्येकडे सरकतात. बहुतेकांना नाव मिळत नाही, कारण ती ६२ ची पायरी चढतच नाहीत. त्यांची वाट थोडी दक्षिणेकडे झुकली की गोदावरी खोऱ्यात पाऊस होतो, विहिरींना पाणी उतरते आणि धरणे भरतात. झुकली नाही की दुष्काळ. राहात्यासारख्या गावाचे वर्ष बऱ्याचदा या अनामिक दुबळ्या वादळांवरच तरते.

म्हणूनच ३ जून २०२० चे 'निसर्ग' राहात्यासाठी फयानच्या उलट बाजूचे उदाहरण ठरते. निसर्ग तीव्र चक्रीवादळ होते. श्रीवर्धन-दिवेआगरच्या परिसरात ते ताशी ११० किलोमीटरहून अधिक वेगाने चढले आणि सुपारी-नारळाच्या पिढीजात वाड्या त्याने आडव्या केल्या. सुपारीचे नवे झाड फळाला यायला कित्येक वर्षे लागतात, त्यामुळे तिथला हिशेब अजून मिटलेला नाही. ते वादळही सह्याद्री ओलांडून पुणे-नगरच्या पट्ट्यातून ईशान्येकडे गेले आणि रात्रीपर्यंत क्षीण झाले. पण जूनच्या आरंभी पठारावरचे रान नांगरून मोकळे असते. धास्ती असते ती चाळीत साठवलेल्या कांद्याची आणि पत्र्यांची. उभे नाजूक पीक जवळपास नसते, आणि पाऊस तर हवाच असतो. मोजपट्टीवर निसर्ग वरच्या वर्गातले आणि फयान खालच्या. फुलोऱ्यातल्या बागेच्या दृष्टीने हा क्रम उलटा लागतो.

फयाननंतर काही गोष्टी बदलल्या. २०११-१२ पासून महाराष्ट्रात फळपिकांसाठी हवामानावर आधारित विमा आला. त्यात झाड पडले की नाही याऐवजी ठरावीक काळातला पाऊस, तापमान आणि आर्द्रता पाहिली जाते. 'महावेध' प्रकल्पातून महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. तरीही सरकारी मदतीच्या नियमांत अतिवृष्टीचा उंबरठा आहे तो २४ तासांत ६५ मिलिमीटरचा. मंडळाच्या पर्जन्यमापकात तेवढे पाणी साठले तर अतिवृष्टी. फुलोऱ्यातल्या द्राक्षाला मात्र त्याच्या निम्म्या पावसातही, दोन ढगाळ दिवस सोबतीला असले तर, केवडा लागतो.

वादळांच्या नावांची जुनी ६४ नावांची यादी मे २०२० मध्ये 'अंफान'पाशी संपली. 'निसर्ग' हे नव्या यादीतले पहिले नाव. या यादीत 'फयान' नाही.